विल्यम हॉय : हातवाऱ्यांच्या गोष्टीआड राहिलेला सेंटर फिल्डर

प्रश्न एका कर्णबधिर विद्यालयातल्या क्रीडाशिक्षकांचा आहे. ते मुलांना सॉफ्टबॉल शिकवतात, यंदा बेसबॉलही सुरू करायचा विचार आहे. अंपायर हात वर करून ‘स्ट्राइक’ (फलंदाजाच्या विरुद्ध मोजला जाणारा चेंडू) दाखवतो ती पद्धत एका बहिऱ्या खेळाडूमुळे पडली, असं त्यांच्या कानावर आलं. त्यांनी विचारलंय : हा विल्यम हॉय नेमका कोण? ही गोष्ट खरी का? एवढा मोठा होता तर हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, का नाही? आणि माझ्या मुलांनी त्याच्याकडून मैदानावर उचलण्यासारखं काही आहे का?

सर, प्लेटमागे, म्हणजे फलंदाजाच्या पाठीमागे पंच म्हणून, वाकून उभं राहायला लागून मला पंचवीस वर्षं होत आली. आधी सॉफ्टबॉल, मग बेसबॉल. जुन्या हंगामांचे स्कोअर चाळायचा नाद त्यातूनच लागला. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर आधीच देऊन टाकतो, कारण ती गोष्ट मध्ये उभी असली की मागचा माणूस दिसतच नाही. हॉयसाठी हाताच्या खुणा केल्या जात, हे खरं. पण त्या अंपायर करत नव्हता. त्याच्याच संघाचा, तिसऱ्या बेसजवळ (धाव घेतानाच्या तिसऱ्या टप्प्याजवळ) उभा असलेला कोच करायचा. अंपायरच्या खुणांचा धागा बराच गुंतलेला आहे, त्याकडे नंतर येतो.

आता माणूस. जन्म २३ मे १८६२, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या हाउकटाउन या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी. तीन वर्षांचा असताना मेंदूज्वर झाला आणि ऐकू येणं गेलं ते कायमचं. कोलंबस शहरातल्या राज्याच्या कर्णबधिर शाळेत तो शिकला आणि वर्गात पहिला येऊन बाहेर पडला. तिथे बूट-चपला शिवायचं काम शिकवत. गावी परतून त्याने त्याचंच दुकान टाकलं. उन्हाळ्यात तिकडची खेड्यातली माणसं अनवाणीच फिरत, त्यामुळे त्या दिवसांत दुकानाला गिऱ्हाईक नसे, आणि हा दुकानासमोर पोरांबरोबर चेंडू खेळत बसे. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावचा चांभारवाडा आठवला. पहिला पाऊस पडेपर्यंत तिथेही हातावर हात.

१८८६ मध्ये, चोविसाव्या वर्षी, तो विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशच्या संघात व्यावसायिक खेळाडू म्हणून दाखल झाला. उंची साडेपाच फुटांच्या आतबाहेर. फेकायचा उजव्या हाताने, फलंदाजी डाव्या हाताने. ही डावखुरी फलंदाजी लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पहिली अडचण प्लेटवरच आली. त्या काळी बहुतेक सामन्यांना एकच अंपायर असे, आणि निर्णय द्यायचा तो तोंडाने. चेंडू सुटला, कॅचरच्या (फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याच्या) हातात गेला, अंपायर ओरडला ‘स्ट्राइक’ किंवा ‘बॉल’, संपलं. हॉयला काय ओरडला ते कळायचं नाही. मग तो मान वळवून मागे बघायचा. तेवढ्यात पिचर (चेंडू टाकणारा) पुढचा चेंडू टाकून मोकळा! तुम्ही-आम्ही याला चीटिंग म्हणू, पण तेव्हा ते हुशारीत धरत.

त्यात मोजणीचे नियम दरवर्षी बदलत होते. मोठ्या लीगमध्ये १८८७ साली पाच बॉलवर (न मारलेल्या, स्ट्राइक झोनबाहेरच्या चेंडूंवर) वॉक, म्हणजे पहिला बेस फुकट, मिळे आणि बाद व्हायला चार स्ट्राइक लागत. १८८८ मध्ये पाच बॉल, तीन स्ट्राइक. चार बॉल आणि तीन स्ट्राइक हा आजचा हिशेब १८८९ चा. चांगले ऐकू येणारे फलंदाजही मोजणी चुकायचे, तिथे याचं काय.

तोडगा साधा होता. तिसऱ्या बेसजवळच्या कोचने उजवा हात वर केला तर स्ट्राइक, डावा केला तर बॉल. ही पद्धत पुढे हॉयने स्वतःच सांगून ठेवली आहे, त्यामुळे ती दंतकथा नाही.

माझ्या मनात बरेच दिवस प्रश्न होता, कोच तिसऱ्याच बेसचा का? पहिल्या बेसजवळचा का नाही? एकदा शाळेच्या मैदानावर एका डावखुऱ्या मुलीला स्टान्स शिकवताना उलगडा झाला. डावखुरा फलंदाज प्लेटच्या पहिल्या बेसकडच्या बाजूला उभा राहतो, म्हणजे त्याची छाती तिसऱ्या बेसकडे येते. पिचरवरची नजर जरा सरकवली की तिसऱ्या बेसचा कोच समोरच. मान वळवायला नको, पाठ फिरवायला नको, पिचरला आयती संधी नको. उजव्या हाताने खेळणाऱ्याला हाच कोच पाठीमागे पडला असता. माझा हा अंदाज मैदानावरून काढलेला आहे, कागदावरून नाही. पण मुलांना शिकवताना करून बघा. डावखुऱ्यासाठी तिसऱ्या बेसकडे आणि उजव्यासाठी पहिल्या बेसकडे माणूस उभा करा, फरक लगेच दिसेल.

ऑशकॉशच्या पहिल्या वर्षात त्याची फलंदाजी बेताची होती, दुसऱ्या वर्षी एकदम उसळली. खुणांमुळेच उसळली असं छातीठोक सांगणारे पुष्कळ आहेत. मी जरा हात आखडता घेतो. १८८७ या एकाच वर्षी वॉकही ‘हिट’ (बेसवर पोचवणारा फटका) म्हणून मोजत होते, त्यामुळे त्या वर्षीचे सगळ्यांचेच आकडे फुगलेले आहेत.

१८८८ मध्ये त्याला नॅशनल लीगमधल्या वॉशिंग्टनच्या संघाने घेतलं. संघ रद्दी. त्या वर्षी तळाला, पुढच्या वर्षीही तळाला. पण हॉयने पहिल्याच हंगामात ८२ बेस चोरले (साथीदाराच्या फटक्याची वाट न बघता पुढचा बेस गाठला), लीगमध्ये सर्वांत जास्त.

इथे एक खडा बाजूला काढून ठेवतो. १८९८ पूर्वी बेस चोरीची व्याख्या सैल होती. साथीदाराच्या हिटवर रनरने एक बेस जास्तीचा मारला तरी तो चोरीत धरला जाई. म्हणून हॉयचे ८२ आणि आजच्या एखाद्याचे ८२ एका तराजूत घालू नका. पण त्या वर्षी लीगमधल्या सगळ्यांना तोच नियम होता आणि त्या सगळ्यांत हा पहिला आला, तेव्हा पहिलेपणाला बाध येत नाही. शिवाय रनरचं कामच बघा. पिचर अचानक पहिल्या बेसकडे वळला की कोच ‘बॅक! बॅक!’ असा जीव तोडून ओरडतो, आणि रनर कानावर विश्वास ठेवून मागे सूर मारतो. दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे धावताना तर चेंडू पाठीमागे असतो, काय चाललंय ते ओरडण्यावरूनच कळतं. हॉयला यातलं काहीच नव्हतं. पिचरचा खांदा, पायाची टाच, समोरच्या फिल्डरचा चेहरा, एवढ्यावर त्याने चौदा मोसम काढले.

आता मला ज्यावर खरं बोलायचं आहे तो भाग, सेंटर फिल्ड, म्हणजे आउटफिल्डची (बेसच्या पलीकडच्या मैदानाची) मधली जागा.

उंच गेलेला चेंडू, दोन फिल्डर दोन बाजूंनी धावतायत, दोघांचीही नजर आभाळात. अशा वेळी टक्कर टाळते ती फक्त हाक. आपल्याकडची पोरं ‘माझा, माझा!’ ओरडतात. काही वर्षांपूर्वी एका शालेय सामन्यात मी पंच असताना दोन मुली एकाच चेंडूखाली गेल्या. दोघींनी हाक दिली नाही, कारण दोघींना वाटलं दुसरी देईल. एकीचे दोन दात गेले. ऐकू येणाऱ्या मुली होत्या हो त्या. म्हणून हॉयने या प्रश्नाचं काय केलं, हे मी फार बारकाईने वाचलं.

वॉशिंग्टनला गेल्यावर त्याने साथीदारांसाठी एक लेखी सूचनाच तयार केली. मतलब असा : मी पूर्ण बहिरा आहे, तुमच्यातल्या काहींना माझ्या खेळाची सवय नाही, म्हणून आधीच समजूत करून घेऊ. माझ्या आजूबाजूचे चार जण म्हणजे लेफ्ट फिल्डर, राइट फिल्डर, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) आणि सेकंड बेसमन. यांच्याशी टक्कर होऊ नये एवढाच उद्देश. मी चेंडू घ्यायला निघालो की नेहमीप्रमाणे ओरडेन, मग बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. माझा आवाज आला नाही तर समजायचं की मी चेंडूच्या मागे नाही, आणि तुम्ही तुमचं बघायचं.

पुन्हा वाचा ते. त्याला आवाज ऐकू येत नव्हता, पण काढता येत होता. तो आवाज बारीक किंकाळीसारखा होता असं त्याच्या साथीदारांनी सांगितलं आहे. कसा का असेना, बाकी आठ जणांना तो ऐकू जात होता, तेवढं बस. बघा, ‘तुम्ही मला सांभाळून घ्या’ असं तो म्हणत नाही. नियम तोच घालून देतो आणि निर्णय स्वतःच्या हातात ठेवतो. सेंटर फिल्डर हा आउटफिल्डचा कारभारी असतो, चेंडूवर पहिला हक्क त्याचा. हॉयने बहिरेपणासाठी तो हक्क सोडला नाही, उलट तो लिहून पक्का केला. माझ्या मते त्याच्या सगळ्या कारकिर्दीतली मोलाची गोष्ट ती हीच.

लोक विचारतात, बॅटचा आवाज ऐकू न येता चेंडू कुठे चाललाय ते कळायचं कसं? अनुभवी आउटफिल्डर आवाजावरून ओळखतो, हे खरं आहे. चेंडू बॅटच्या मध्यावर बसला तर टणक आवाज, टोकाला लागला तर पोचट. पण हिशेब करा. सेंटर फिल्डर प्लेटपासून नव्वद मीटरवर उभा असेल तर आवाज त्याच्यापर्यंत पोचायला पाव सेकंद लागतो. डोळ्यांना तर त्याच क्षणी दिसतं. शिवाय सेंटरहून पिचर, फलंदाज आणि कॅचर एका रेषेत दिसतात. चेंडू आत पडतोय की बाहेर, बॅट लवकर फिरली की उशिरा, हे सगळं समोर. मैदानातली एकच जागा अशी आहे जिथे डोळे कानाची बरीचशी भरपाई करू शकतात, आणि हॉय नेमका तिथे होता. हा योगायोग नसावा. त्या काळी हातात आजच्यासारखा सुपाएवढा ग्लोव्ह नसे, छोटंसं चामडं असे, म्हणजे चेंडूखाली वेळेवर पोचलं नाही तर लांब हात करून भागायचं नाही.

त्याच्या फेकीची मोठी तारीख १९ जून १८८९. वॉशिंग्टन विरुद्ध इंडियानापोलिस. त्या एका सामन्यात हॉयने आउटफिल्डमधून थेट होम प्लेटवर फेक करून तीन रनर बाद केले. तिन्ही वेळा दुसऱ्या बेसवरचा गडी हिटवर घरी, म्हणजे धाव पूर्ण करायला होम प्लेटवर, पोचायला निघाला आणि प्लेटवर कॅचर चेंडू घेऊन उभा. हा कॅचर म्हणजे कॉनी मॅक, जो पुढे फिलाडेल्फियाचा मॅनेजर म्हणून पन्नास वर्षं बाकावर बसला. मी आयुष्यात एका सामन्यात अशा दोन फेकी पाहिल्या आहेत, तीन नाहीत. तेव्हा चेंडू आजच्याइतका लांब जात नसे, आउटफिल्डर पुढे सरकून उभे राहत, त्यामुळे फेक आजच्यापेक्षा जवळून होत असणार, हेही धरून चाला. तरी तीन म्हणजे तीन. मला यातलं मजेशीर वाटतं ते वेगळंच. पहिला बाद झाल्यावर दुसरा धावला, दुसरा झाल्यावर तिसरा. समोरच्या कोचच्या डोक्यात बहुधा बसलेलं होतं की या बहिऱ्याला कळेपर्यंत आपला गडी घरी पोचेल.

यापुढचा प्रवास भराभर सांगतो, कारण संघांची नावं पाठ करून मुलांना काही मिळणार नाही. १८९० मध्ये खेळाडूंनी मालकांविरुद्ध बंड करून स्वतःची प्लेयर्स लीग काढली. हॉय आणि मॅक दोघेही तिच्यातल्या बफेलो संघात गेले. संघ तळाला, लीग एका वर्षात बंद. १८९१ ला अमेरिकन असोसिएशनमध्ये सेंट लुइस. तिथे त्याने शंभराहून जास्त वॉक मिळवले आणि शंभराहून जास्त धावा काढल्या. मग ती असोसिएशनही मोडली. पुन्हा वॉशिंग्टन, मग १८९४ ते १८९७ सिनसिनाटी, पुढची दोन वर्षं लुइव्हिल. लुइव्हिलला होनस वॅग्नर, फ्रेड क्लार्क असले नावाजलेले खेळाडू बरोबर होते. १८९९ नंतर नॅशनल लीगने बारातले चार संघ कापले, त्यात लुइव्हिल गेलं. १९०० आणि १९०१ शिकागो व्हाइट सॉक्स, दोन्ही वर्षी अजिंक्यपद. त्यातलं १९०१ हे अमेरिकन लीगचं मोठी लीग म्हणून पहिलं वर्ष, आणि लीगमध्ये सर्वाधिक वॉक याचे, ८६. १९०२ ला परत सिनसिनाटी, वयाच्या चाळिशीला. ते मोठ्या लीगमधलं शेवटचं वर्ष. म्हणजे चार वेगवेगळ्या मोठ्या लीग, त्यातल्या दोन याच्या डोळ्यांदेखत बुडाल्या. चार्ल्स कोमिस्की नावाचा माणूस सेंट लुइस, सिनसिनाटी आणि शिकागो अशा तीन ठिकाणी त्याच्यावर होता, आधी मॅनेजर म्हणून, शेवटी मालक म्हणून. कोमिस्की काही दानशूर म्हणून ओळखला जात नाही. अशा माणसाने तीनदा घेतलं, म्हणजे खेळावरच घेतलं.

एकूण हिशेब : चौदा मोसम, सुमारे १८०० सामने, दोन हजारांहून थोडे जास्त हिट, चाळीस होम रन, सहाशेच्या आसपास चोरलेले बेस, हजारभर वॉक, सरासरी (दर फलंदाजीमागे हिटचं प्रमाण) .२८७ किंवा .२८८. ‘किंवा’ का, तर जुने स्कोअर पुन्हा तपासताना वेगवेगळ्या आकडेशास्त्रज्ञांनी चार-दोन हिट इकडेतिकडे केले आहेत. कुणी तुमच्याशी शेवटच्या आकड्यावरून भांडायला आला तर भांडू नका. नऊ हंगामांत त्याने शंभर किंवा जास्त धावा पूर्ण केल्या. माझ्या लेखी सरासरीपेक्षा हे जास्त बोलकं आहे. सलामीच्या फलंदाजाचं काम बेसवर पोचणं आणि घरी येणं. ज्याला अंपायरचा निर्णय ऐकू येत नाही तो हजार वेळा चौथा बॉल सोडून देतो, यावरून त्याची नजर काय असेल बघा. कुठला चेंडू स्ट्राइक झोनमध्ये आहे हे त्याला दुसऱ्याने सांगायची गरज फारशी पडत नसावी.

नावाबद्दल एक बोलायला हवं, कारण मुलं शोधतील तेव्हा त्यांना ‘डमी हॉय’ असंच सापडेल. त्या काळी प्रत्येक बहिऱ्या खेळाडूला अमेरिकेत ‘डमी’ म्हणत, म्हणजे आपल्याकडे एखाद्याला जन्मभर ‘ए मुक्या’ म्हणून हाक मारावी तसं. हॉयने ते नाव चालवून घेतलं, कुणी ‘विल्यम’ म्हटलं तर तो उलट दुरुस्तीही करायचा. त्याने चालवून घेतलं म्हणून आपण चालवावं असं मला वाटत नाही. वर्गात ‘विल्यम हॉय’ म्हणा. मुलं विचारतील तेव्हा मात्र खरं कारण लपवू नका, त्यांना असल्या हाका नवीन नाहीत.

१६ मे १९०२ चा एक सामना मुलांना नक्की सांगा. सिनसिनाटीविरुद्ध न्यूयॉर्क जायंट्स. न्यूयॉर्कचा पिचर ल्यूथर टेलर, कॅन्ससचा, तोही कर्णबधिर. मोठ्या लीगमध्ये बहिरा पिचर आणि बहिरा फलंदाज समोरासमोर येण्याची ती पहिली वेळ. हॉय पहिल्यांदा प्लेटवर आला तेव्हा त्याने बोटांच्या भाषेत टेलरला म्हटलं, ‘भेटून आनंद झाला.’ मग त्याला हिट मारला. दिवसभरात दोन हिट.

आता हातवारे. अंपायरच्या खुणांचे दावेदार बरेच आहेत. हॉयच्याच कोलंबसच्या शाळेतला एड डंडन हा १८८३ मध्ये मोठ्या लीगमध्ये खेळलेला पहिला बहिरा खेळाडू, पिचर होता. १८८६ साली त्याने अलाबामातल्या मोबील शहरात एका सामन्यात पंचाचं काम केलं. स्वतः बोलू शकत नसल्यामुळे त्याने निर्णय हातांनी दिले. पुढे साय रिग्लर या पंचाने १९०५ मध्ये इव्हान्सव्हिलच्या छोट्या लीगमध्ये स्ट्राइकला उजवा हात वर करायला सुरुवात केली, लांब बसलेल्या मित्रांना कळावं म्हणून. हॉल ऑफ फेममध्ये श्रेय कोरलंय ते बिल क्लेमच्या पाटीवर. पण क्लेम नॅशनल लीगमध्ये आला १९०५ ला, आणि हॉय तर तीन वर्षं आधीच तिथून गेलेला. त्यामुळे ‘क्लेमने हॉयसाठी खुणा काढल्या’ हे कुणी सांगितलं तर ते सरळ चूक.

हॉयबरोबर खेळलेले काही जण म्हातारपणी सांगत की पंचांच्या खुणा त्याच्यामुळेच आल्या. माणसं खोटं बोलत नव्हती, पण पन्नास-साठ वर्षांनंतर कोचचा हात पंचाला चिकटायला वेळ लागत नाही. तरीसुद्धा एक गोष्ट मला दर सामन्यात खटकते. आज प्लेट अंपायर मोजणी दाखवतो तेव्हा डाव्या हाताच्या बोटांवर बॉल आणि उजव्या हाताच्या बोटांवर स्ट्राइक असतात. हॉयच्या कोचची वाटणी हीच, डावा बॉल, उजवा स्ट्राइक. यावरून मी वंशावळ काढणार नाही. पण दोन-दोन झाल्यावर दोन्ही हात वर करतो तेव्हा तो आठवतो खरा.

हॉल ऑफ फेमचं म्हणाल, तर माझं मत त्याच्या चाहत्यांना आवडत नाही. त्याच काळातला दुसरा सेंटर फिल्डर बिली हॅमिल्टन घ्या. सरासरी .३४० च्या वर, चोरलेले बेस नऊशेच्या वर. त्यालासुद्धा १९६१ पर्यंत थांबावं लागलं. डेलाहॅन्टी, बर्केट, डफी हे त्या काळचे आउटफिल्डर सगळे फलंदाजीत हॉयच्या पुढे होते. हॉय त्यांच्या खालच्या पायरीवर, अगदी दाराशी. दाराशी असलेल्याला आत घ्यायचं तर खुणांच्या गोष्टीवर घेऊ नये, पंचांचा इतिहास जाणणारा कुणीही ती पहिल्या सुनावणीला पाडेल. वॉक, धावा, सेंटर फिल्डमधली चौदा वर्षं आणि ती लेखी सूचना, एवढ्यावर कुणी बाजू मांडली तर मी हात वर करीन. सिनसिनाटी रेड्सने त्याला २००३ मध्ये आपल्या संघाच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. कर्णबधिर खेळाडूंच्या अमेरिकन संघटनेने तर १९५१ सालीच घेतलं होतं.

खेळ सोडल्यावर त्याने सिनसिनाटीजवळ माउंट हेल्दी इथे दुधाचा धंदा केला. बायको ॲना, तीही कर्णबधिर, शिक्षिका होती. त्यांच्या घरच्या दाराची घंटा लुइव्हिलचा साथीदार टॉमी लीच याने सांगून ठेवली आहे. दाराशी मूठ ओढली की आत शिशाचा गोळा धप्पकन जमिनीवर पडायचा, आणि हादरा पायाला कळायचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात गुडइयर या टायर कंपनीत शेकडो कर्णबधिर कामगार होते, त्यांच्यावर देखरेखीचं काम त्याने केलं. ७ ऑक्टोबर १९६१ ला सिनसिनाटीच्या क्रॉस्ली फिल्डवर वर्ल्ड सिरीजच्या (मोसमाच्या अजिंक्यपदाच्या मालिकेच्या) तिसऱ्या सामन्याचा पहिला चेंडू त्याने टाकला, वय ९९. त्याच वर्षी १५ डिसेंबरला गेला.

राहिला शेवटचा प्रश्न, मुलांनी काय घ्यायचं. कोचच्या खुणा घ्या, बिनदिक्कत. मी सांगितलं तसं फलंदाजाच्या छातीसमोर माणूस उभा करा. बेसवरच्या रनरला पिचरचे खांदे वाचायला शिकवा.

पण हॉयची ती लेखी सूचना जशीच्या तशी उचलू नका. तो एकटा बहिरा होता आणि बाकी आठ जणांना ऐकू येत होतं, म्हणून त्याची किंकाळी चालली. तुमच्या संघात नऊच्या नऊ मुलांना ऐकू येत नाही, तिथे ओरडून कुणाला कळणार? तुम्हाला आखणीच करावी लागेल. आउटफिल्डमध्ये सेंटरचा शब्द अखेरचा. सेंटर निघाला की लेफ्ट आणि राइट त्याच्या मागे आडोशाला जाणार, चेंडूखाली नाही. शॉर्टस्टॉप पाठमोरा धावत असेल आणि आउटफिल्डर समोरून येत असेल, तर चेंडू समोरून येणाऱ्याचा, कारण दोघांपैकी समोरचं त्यालाच दिसतं. आणि पिचरने चेंडू टाकायच्या आधी दर वेळी तिघांनी एकमेकांकडे एकदा बघायचं. सुरुवातीला मऊ चेंडूवर करा, रोज वीस उंच चेंडू, दोघांच्या मधोमध. पहिल्या आठवड्यात टकरा होतीलच. दुसऱ्या आठवड्यात मला बोलवा, प्लेटमागे मी उभा राहतो, आणि मोजणी दाखवताना हात जरा जास्तच उंच करतो.